चढाओढ, संख्या आणि सामर्थ्य

“सर, पोराले आठ कोअरचा घेऊन देऊ, का चारचा चालते?”

काही वर्षांमागे दिवाळीनंतरच्या एका सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आम्हांस हा प्रश्न विचारला. गृहस्थ बडनेऱ्यापलीकडील एका खेड्यातले शेतकरी. पहिल्या वेच्याचा कापूस विकून आलेले पैसे त्यांनी मुलाच्या संगणकासाठी बाजूस ठेविले होते. हातात दुकानदाराने दिलेला छापील कागद होता व त्यावर दोन यंत्रांच्या किमती होत्या. आम्ही पदवीधर, शाळेतील संगणकाच्या खोलीची किल्ली आमच्याकडे. तेव्हा आमचा शब्द प्रमाण, अशी त्यांची श्रद्धा. आम्ही तो कागद नीट वाचलाही नाही. “चारापेक्षा आठ केव्हाही अधिकच,” असे सांगून आम्ही तासावर निघून गेलो.

त्यांनी आठ कोअरचा संगणक घेतला. तो पैशांत बसावा म्हणून मेमरी कमी घेतली आणि जलद डिस्कऐवजी जुन्या पद्धतीची फिरती डिस्क पत्करली. परिणाम असा झाला की, यंत्र सुरू होण्यासच पाच-सात मिनिटे लागत, व दोन कामे एकदम उघडली की ते अडून बसे. मुलगा भिडस्त, तो काही बोलला नाही. वडिलांनी मात्र मनाशी ताडले की, एवढे महागाचे यंत्र घेऊन दिले तरी काम पुढे सरत नाही, त्या अर्थी मुलाचेच लक्ष ठिकाणावर नाही. मुलास बोलणी खावी लागली. दोष आमच्या उतावळ्या शब्दाचा, आणि शिक्षा निरपराध पोरास! ही हकीकत आम्हांस बऱ्याच उशिरा कळली. तेव्हापासून हा विषय विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढे एकदा नीट मांडावा, असे आमच्या मनात होते. ह्या वार्षिकाच्या निमित्ताने ते ऋण अंशतः फेडीत आहोत.

प्रथम कोअर म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या प्रोसेसरास त्याचा मेंदू म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्या मते त्यास कारकुनाची उपमा अधिक शोभते. समोर आलेली आज्ञा वाचावी, तीप्रमाणे बेरीज, तुलना किंवा नोंद करावी आणि पुढची आज्ञा उचलावी, एवढेच त्याचे काम. फक्त हे काम तो एका सेकंदात अब्जावधी वेळा करितो. एका चिपवर असे जितके स्वतंत्र कारकून बसविलेले असतील, तितके तिचे कोअर. आरंभी प्रत्येक चिपवर एकच कारकून असे. मग एकाचे दोन, दोहोंचे चार व चारांचे आठ कसे झाले? त्याचा इतिहास हा दोन व्यापारी घरांच्या चढाओढीचा इतिहास आहे.

ही दोन घरे म्हणजे इंटेल व एएमडी ह्या अमेरिकेतील कंपन्या होत. इंटेलची स्थापना १९६८ साली झाली व एएमडीची १९६९ साली. दोहोंचे संस्थापक फेअरचाइल्ड नावाच्या एकाच कंपनीतून बाहेर पडलेले. तेव्हा हिला भाऊबंदकीच म्हटले पाहिजे, आणि भाऊबंदकी किती चिवट असते हे वऱ्हाडात कोणास समजावून देण्याचे कारण नाही. आयबीएम ह्या मोठ्या कंपनीने आपल्या घरगुती संगणकासाठी इंटेलची चिप निवडली. परंतु सर्व पुरवठा एकाच घरावर अवलंबून राहू नये, दुसराही पुरवठादार असावा, असा तिचा आग्रह होता. त्यामुळे १९८२ साली झालेल्या कराराने इंटेलच्याच आराखड्याच्या चिपा बनविण्याची मुभा एएमडीस मिळाली. पुढे त्या कराराच्या अर्थावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. ज्याने चूल पेटवावयास विस्तव दिला, त्याच्याशीच वाद जुंपला.

पुष्कळ वर्षे ही चढाओढ वेगाची होती. प्रोसेसरच्या आत एक घड्याळ असते व त्याच्या ठोक्यावर काम चालते. सेकंदास एक अब्ज ठोके पडले म्हणजे एक गिगाहर्ट्‌झ वेग झाला. हा टप्पा मार्च २००० मध्ये एएमडीने प्रथम गाठला, आणि अवघ्या दोन दिवसांनी इंटेलनेही तशीच चिप जाहीर केली. ह्यावरून दोघांत किती अटीतटी होती ते दिसून येईल. परंतु वेग वाढला तशी उष्णताही वाढली. २००४ साली इंटेलची पेंटियम ४ ही चिप ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचली. तथापि अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या तुकड्यातून शंभर वॅटच्या दिव्याहूनही अधिक उष्णता निघू लागली. अखेर चार गिगाहर्ट्‌झची चिप आणण्याचा बेत इंटेलने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सोडून दिला. एक बैल किती पळवावा ह्यास मर्यादा असते. ती मर्यादा आली म्हणजे शहाणा शेतकरी चाबूक न उगारता दुसरा बैल जुंपतो. ह्या दोन घरांनी तेच केले. आयबीएमने मोठ्या यंत्रांसाठी दोन कोअरची चिप २००१ सालीच तयार केली होती. सामान्यांच्या व कचेऱ्यांच्या संगणकांसाठी इंटेल आणि एएमडी ह्या दोघांनीही एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांच्याच अंतराने दोन कोअरच्या चिपा विक्रीस आणिल्या. तेव्हापासून वेगाच्या जागी संख्येची चढाओढ सुरू झाली.

ही चढाओढ वाईट होती काय? आमचे मत तसे नाही. पुढील दहा-बारा वर्षांचा अनुभव पाहिला म्हणजे तिचा उपकार ध्यानी येतो. नोव्हेंबर २००६ मध्ये इंटेलने चार कोअरची चिप आणली. २०११ साली एएमडीने नव्या धाटणीची चिप काढली, परंतु ती अपेक्षेस उतरली नाही व हे घर मागे पडले. मग काय झाले? मेजावरच्या सामान्य संगणकांसाठी इंटेलची जी नेहमीची मालिका होती, तीतील उत्तमात उत्तम चिपही २०१७ सालापर्यंत चारच कोअरची राहिली. शेजारच्या वावरातला गडी झोपलेला दिसला की आपलाही विळा मंदावतो, त्यातलाच हा प्रकार. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझेन नावाची आठ कोअरची चिप त्याच वर्गाच्या गिऱ्हाइकांपुढे ठेविली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलच्या मालिकेत सहा कोअर आले, आणि पुढील वर्षाच्या ऑक्टोबरात आठ. दहा वर्षांत जे घडले नव्हते ते दीड-दोन वर्षांत घडले. दुसरा धावणारा मैदानात असावा लागतो तो ह्यासाठी.

ह्या संबंधात महाराष्ट्राच्या भूमीत जन्मलेल्या एका गृहस्थाचा उल्लेख करणे अवश्य आहे. विनोद धाम ह्यांचा जन्म १९५० साली पुण्यास झाला. फाळणीच्या वेळी रावळपिंडीकडून आलेले ते कुटुंब. त्यांनी दिल्लीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले व पुढे ते अमेरिकेस गेले. इंटेलची पेंटियम ही चिप १९९३ साली निघाली. तिच्या घडणीत त्यांचा वाटा एवढा मोठा की, लोक त्यांस पेंटियमचे जनक म्हणतात. १९९५ साली त्यांनी इंटेल सोडली व ते नेक्सजेन ह्या लहानशा कंपनीत गेले. ती कंपनी १९९६ साली एएमडीने घेतली, आणि मग पेंटियमच्या बरोबरीस उतरणाऱ्या केसिक्स ह्या चिपच्या कामी धाम ह्यांचे ज्ञान एएमडीच्या उपयोगी पडले. एकाच माणसाच्या बुद्धीने दोन्ही पक्षांस बळ दिले व लाभ झाला तो गिऱ्हाइकांचा. प्रतिस्पर्धी म्हणजे वैरी नव्हे, हे ध्यानात ठेवण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

परंतु चढाओढीस एक दुसरीही बाजू आहे, व ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पुढे जाण्याची इच्छा आणि दुसऱ्यास मागे ओढण्याची इच्छा ह्या दोन बहिणी एकाच घरात वाढतात. जून २००५ मध्ये एएमडीने फिर्याद केली. संगणक बनविणाऱ्यांनी आपला माल घेऊ नये, म्हणून इंटेल त्यांस सवलती व दडपण ह्यांनी वळविते, असा तिचा आरोप होता. नोव्हेंबर २००९ मध्ये उभयतांत तडजोड झाली व इंटेलने एएमडीस १२५ कोटी डॉलर दिले. एवढ्या रकमेत किती प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असत्या, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनीच करावा.

निंदेचा प्रकार तर ह्याहून बोधप्रद आहे. इंटेलची २००६ सालची चार कोअरची चिप म्हणजे वस्तुतः दोन कोअरचे दोन तुकडे एका वेष्टनात बसविलेले होते. एएमडीने त्यावर टीका केली व खरे चार कोअर एकाच तुकड्यावर असतात असे गर्जून सांगितले. तिची तशी चिप सप्टेंबर २००७ मध्ये आली. पण तीत एक दोष निघाला आणि तो दूर करून नवी आवृत्ती काढण्यास पुढचे वर्ष उजाडले. पुढे दहा वर्षांनी, म्हणजे २०१७ साली, एएमडीनेच चार तुकडे जोडून ३२ कोअरचा मोठा प्रोसेसर तयार केला, आणि ह्या वेळी इंटेलने आपल्या एका सादरीकरणात त्यास ‘डिंकाने चिकटविलेला’ अशा अर्थाचे शब्द वापरले. गंमत अशी की, २०२३ साली इंटेलचेही मोठे प्रोसेसर तुकडे जोडूनच बाजारात आले. एकाने दुसऱ्याची जी रीत हिणविली, तीच कालांतराने दोघांनी उचलली. शेजाऱ्याच्या ज्या गुणास आज आपण नाके मुरडतो, तो उद्या आपणांस शिकावा लागेल काय, एवढा विचार जीभ सैल सोडण्यापूर्वी केलेला बरा.

संख्येच्या मोहात आणखी एक घोटाळा होतो. तो असा की, मोजावयाचे काय हेच धूसर होऊन जाते. एएमडीच्या २०११ सालच्या ज्या चिपा आठ कोअरच्या म्हणून विकल्या गेल्या, त्यांत दोन-दोन कोअरांच्या जोड्या असून दशांश-अपूर्णांकांची अवघड आकडेमोड करणारा भाग प्रत्येक जोडीत सामाईक होता. काही गिऱ्हाइकांनी २०१५ साली अमेरिकेत दावा लाविला की, हे आठ कोअर नव्हेतच. आपल्याकडे घरे किती असा प्रश्न पडला की चुली मोजतात. एका वाड्यात दोन भाऊ राहतात, दोघांची दारे निराळी, पण चूल एकच. तर कुटुंबे दोन म्हणावी की एक? असाच हा वाद होता. २०१९ साली कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. कोअर कशास म्हणावे ह्याचा निकाल मात्र त्या दाव्यात लागला नाही. इंटेलनेही २०२१ सालापासून मेजावरच्या संगणकांच्या चिपांत मोठे व लहान असे दोन जातींचे कोअर घालण्यास आरंभ केला आहे. तीतील एका चिपेचे कोअर सोळा. पैकी आठ मोठे व आठ लहान. ह्यात लबाडी नाही, कारण लहान कोअर थोड्या विजेत किरकोळ कामे उरकितात. तथापि बैल व गोऱ्हा एकाच दावणीस बांधिले म्हणून दोघांची ओढ सारखी होत नाही, हे बाजारात जनावर पारखणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नकोच. जनावर पारखताना जी दृष्टी वापरिता, तीच यंत्र घेतानाही वापरा, एवढेच आमचे म्हणणे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोअर खरोखरीच दुप्पट असले तरी काम दुप्पट वेगाने होते काय? हे समजण्यास कपाशीच्या वावरात जाऊ. समजा, एका शेतकऱ्याचे कापसाचे एकूण काम एकट्याने केल्यास १०० तासांचे आहे. त्यांपैकी ८० तास वेचणीचे. उरलेले २० तास गाडी भरून बाजारात नेणे, रांगेत उभे राहणे, हर्रास, काटा व पट्टी ह्यांचे. वेचणी वाटून देता येते. चार वेचणाऱ्या बाया लाविल्या तर ८० तासांचे काम २० तासांत होईल. पण बाजारातले २० तास तसेच राहतील. एकूण ४० तास. आता बाया आठ केल्या. वेचणी १० तासांत झाली, एकूण ३० तास. मजुरीण दुप्पट झाली, परंतु वेळ चतुर्थांशानेच वाचला. सोळा केल्यास २५ तास. आणि शंभर काय, हजार बाया वावरात उतरविल्या तरी २० तासांच्या आत पट्टी हाती पडावयाची नाही. कारण बाजारातली रांग वाटून घेता येत नाही. जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने हेच तत्त्व १९६७ साली मांडिले, व ते आजही त्याच्याच नावाने ओळखिले जाते. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तोच अखेर वेगाची मर्यादा ठरवितो.

चित्रफीत तयार करणे, चित्रांवर संस्कार करणे, मोठ्या प्रमाणावर गणिते सोडविणे, ही कामे वेचणीसारखी आहेत. तेथे अधिक कोअर उपयोगी पडतात. निबंध लिहिणे, पत्र पाठविणे, एखादे पान उघडून वाचणे, ही कामे बहुतांशी रांगेची. तेथे सोळा कोअरांपैकी बरेचसे हात जोडून बसलेले असतात. आणि मेमरी अपुरी व डिस्क मंद असल्यास काय होते, ते आमच्या त्या विद्यार्थ्याने भोगिलेच. आठ बाया वेचावयास आणि कापूस भरावयास पोते एक, अशी त्या यंत्राची अवस्था होती.

पवित्र शास्त्रातील गिदोनाची कथा आमच्या प्रार्थनासभेत मुलांनी ऐकिलीच आहे. त्याच्यामागे बत्तीस हजार लोक निघाले होते. त्यांतून गाळता गाळता तीनशे उरले, आणि कार्य त्या तीनशांकडून झाले. संख्या म्हणजे सामर्थ्य नव्हे, ही शिकवण जुनी आहे. प्रत्येक पिढीस ती नव्या वस्तूच्या रूपाने पुन्हा शिकावी लागते.

मग संख्येस सामर्थ्य येते तरी कशाने? ह्याचे उत्तर शोधावयास अमेरिकेस जाण्याची गरज नाही. बडनेऱ्याहून अकोल्यास निघाले की वाटेत मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील मुरंबा ह्या खेड्यात ११ ऑक्टोबर १९४६ रोजी विजय पांडुरंग भटकर ह्यांचा जन्म झाला. नागपूर, बडोदे व दिल्ली येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. १९८० नंतरच्या दशकात भारतास हवामानाच्या व शास्त्रीय गणितांसाठी महासंगणक हवे होते. परंतु अत्यंत बलवान यंत्रे आपणांस देण्यास अमेरिकेचे सरकार राजी नव्हते. तेव्हा १९८८ साली पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली व तिची धुरा भटकरांकडे आली.

ह्या मंडळींपुढे प्रश्न असा होता की, जगातील सर्वांत जलद प्रोसेसर तर मिळत नाही. मग महासंगणक बांधावा कसा? त्यांनी असे ठरविले की, एका मल्लाच्या ऐवजी साधी माणसे पुष्कळ घ्यावयाची व त्यांस एकमेकांशी नीट जोडावयाचे. त्यासाठी इंग्लंडातील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर निवडिले. ह्या प्रोसेसरचा विशेष असा की, प्रत्येकास चार दुवे असत आणि त्या दुव्यांनी तो चार शेजाऱ्यांशी निरोपांची देवघेव करू शके. अशा चौसष्ट प्रोसेसरांची गुंफण करून सुमारे तीन वर्षांच्या उद्योगाने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. प्रोसेसर जोडणे हे त्यातले निम्मेच काम होते. एका मोठ्या गणिताचे तुकडे कसे पाडावे, कोणता तुकडा कोणाकडे द्यावा, कोणी कोणासाठी थांबावे, आणि सर्वांची उत्तरे कशी एकत्र आणावी, ह्याची आज्ञावली लिहिणे हे उरलेले व अधिक अवघड काम. संख्येस सामर्थ्य आले ते ह्या व्यवस्थेने.

एका चिपवर अनेक कोअर बसविण्याचा प्रकार सामान्यांच्या घरात २००५ साली आला. पण अनेकांनी मिळून एक काम करण्याची विद्या पुण्यातील त्या मंडळींनी त्यापूर्वी चौदा वर्षे हस्तगत केली होती, व त्यांच्या अग्रभागी मूर्तिजापूर तालुक्यातला एक खेडवळ मुलगा होता. भारत सरकारने २०१५ साली त्यांस पद्मभूषण दिले. पुढे सी-डॅकने पुण्यास आणखी महासंगणक उभारले. २००८ सालच्या ‘परम युवा’त इंटेलचे चार कोअरचे प्रोसेसर होते, तर २०२० सालच्या ‘परम सिद्धी’त एएमडीचे चौसष्ट कोअरचे. बाजारात एकमेकांशी झगडणारी दोन्ही घरे त्या एका संस्थेच्या कामी आली आहेत.

संत पौलाने मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. अवयव पुष्कळ, पण शरीर एक. आणि एका अवयवास दुसऱ्यावाचून चालत नाही. चौसष्ट प्रोसेसर चौसष्ट दिशांस धावू लागले तर ती केवळ गर्दी होय. निरोप देणे, निरोप घेणे व दुसऱ्यासाठी थांबणे हे जेथे असते, तेथेच गर्दीचे शरीर बनते.

पालकांस आता चार शब्द. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवण्यापूर्वी मुलास काम कोणते करावयाचे आहे ते घरीच विचारा. शाळेच्या व महाविद्यालयाच्या नेहमीच्या कामास अलीकडच्या पिढीचे चार ते सहा चांगले कोअर पुरेसे होतात. त्याबरोबर मेमरी ८ गिगाबाइटांहून कमी नसावी, १६ असल्यास उत्तम. आणि डिस्क एसएसडी असावी. कोअर किती हे विचारल्यावर त्यांत मोठे किती व लहान किती, आणि चिप कोणत्या सालची, हेही विचारा. जुन्या सालच्या आठांपेक्षा नव्या सालचे चार कित्येकदा सरस ठरतात. इंटेल घ्यावी की एएमडी, असे आम्हांस पुष्कळ जण विचारितात. आज दोन्ही घरांचा माल घेण्याजोगा आहे. तुमच्या पैशांत कोणाचे संपूर्ण यंत्र अधिक समतोल बसते ते पाहा. बुरूज बांधणाऱ्याने प्रथम बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने सांगितले आहे. तो हिशेब एका आकड्याचा नव्हे, सबंध बुरुजाचा असतो.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक गोष्ट सांगावयाची आहे. अमरावती व अकोला येथील रस्त्यांवर शिकवणीवर्गांचे फलक तुम्ही रोज पाहता. एक वर्ग पुरेना म्हणून दोन, दोन पुरेनात म्हणून चार, अशीही चढाओढ आमच्या डोळ्यांपुढे चालू आहे. पण स्वतः पुस्तक घेऊन बसणे, अडणे, चुकणे, विसरणे व पुन्हा आठवणे, हे काम कापसाच्या बाजारातल्या रांगेसारखे आहे. ते चार शिक्षकांस वाटून देता येत नाही. वर्ग वाढविले आणि हा एकांतातला वेळच त्यांत खर्ची पडला, तर कोअर वाढवून मेमरी गमाविणाऱ्याची जी फजिती झाली तीच तुमची होईल. चढाओढ अवश्य करा. शेजारच्या बाकावरचा मुलगा पुढे गेला तर त्याच्यामुळे तुमचे पाऊल जलद पडेल. पण त्याची वही लपवू नका, त्याच्या रीतीची टवाळी करू नका, आणि अडल्यास त्यास विचारण्याची लाज बाळगू नका.

आरंभी सांगितलेली हकीकत अर्धीच राहिली आहे. खरा प्रकार कळल्यावर एका रविवारी उपासना आटोपून आम्ही त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. चूक मुलाची नव्हे, यंत्राचीही नव्हे, आमची आहे, असे वडिलांस स्पष्ट सांगितले. पुढच्या आठवड्यात मेमरी वाढविली व एसएसडी बसविली. चारांऐवजी आठ कोअर घेताना जे अधिक पैसे मोजले होते, त्यांहून ह्यास कमी लागले. यंत्र सुरू झालेले पाहून ते गृहस्थ काही वेळ गप्प राहिले, मग मुलाकडे न पाहता हळूच म्हणाले, “मंग मी याले उगाच बोललो.”

तेच वाक्य आमच्याही मनात आहे. एक आकडा पाहून कोणत्याही यंत्राविषयी, आणि विशेषतः कोणत्याही मुलाविषयी, आपण मत बनवू नये, एवढे जरी वाचकांच्या ध्यानी राहिले, तरी ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.